हिराबायचा रकाना

राबाचा धूर मुरबाडच्या बाजारपेठेत शिरला की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते पित्त आहे, कोकम घ्या. डॉक्टर म्हणतो बीपी आहे, मीठ सोडा. मी कोकमात मीठ घालून दोघांनाही थोडं थोडं नाराज करतो आणि चिडायचा तो चिडतोच. कारण मला माहीत आहे. राबाचे दिवस म्हणजे ॲडमिशनचे दिवस. बाहेर शेतं जळत असतात आणि आत दुकानात मी.

माझं दुकान एसटी स्टँडच्या बाजूला. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, आणि पाटीवर सर्वांत खाली 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील'. त्यातलं 'सर्व प्रकारचे' हे पेंटरनं जागा उरली म्हणून आपल्या मनानं घातलं. पण त्या दोन शब्दांनी मला तालुक्याचा शिक्षणतज्ज्ञ करून टाकलं. मी स्वतः बारावी दुसऱ्या झटक्यात सुटलो, पुढं कॉमर्सला गेलो आणि कॉमर्सनंच मला परत पाठवलं. तरी आज नर्सिंगपासून हॉटेल मॅनेजमेंटपर्यंत कशाबद्दलही लोक मला विचारतात. मी चष्मा पुसतो आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणतो, "टक्के किती?" माझं ज्ञान इथं संपतं आणि लोकांचा विश्वास इथून सुरू होतो.

बरं, लोक विचारतात काय? "काका, कुठं लागंल?" एवढंच. रेशनला नंबर लागतो तसा कॉलेजला लागावा, आणि लागला की पिशवी पुढं करावी. तिथं गेल्यावर पोर काय करणार, कुणाच्या हाताखाली करणार, त्याला जे जाणून घ्यायचंय ते तिथल्या रीतीनं कळणार आहे का, हे एकाही बापानं मला आजवर विचारलेलं नाही. पूर्वी मीही ते कुणाला विचारत नसे. आता विचारतो, तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं.

आमच्या भागाबाहेरच्या माणसाला राब म्हणजे काय ते सांगायला हवं. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं तो तुकडा आधी भाजून काढतात. जमिनीवर शेणाचा थर, त्यावर झाडांचा तोडलेला टहाळ, त्यावर पालापाचोळा, वरून बारीक मातीचा हात. मग वारा पडल्यावर कडेनं विस्तव द्यायचा. ज्वाळा उठता कामा नये, नुसतं धुमसत धुमसत जायला हवं. टहाळ माघ-फाल्गुनात तोडतात. त्या दिवसांत आमच्या रानातले ऐनाचे वृक्ष बघावेत. फांद्या उतरवलेले, वर नुसते गाठाळ बुंधे. जणू कुणावर तरी मूठ उगारून उभे आहेत. मोहाची फुलं पडत असतात, त्यांचा गोड, आंबूस वास धुरात मिसळतो, आणि उन्हानं वाळलेला पाला पायाखाली पापडासारखा मोडतो. माझं सगळं बालपण या वासात गेलं. आता याच वासानं मला आधी आठवते ती एका मोठ्या विद्यापीठातली वातानुकूलित खोली, आणि दात आवळले जातात.

पण त्या खोलीत जाण्याआधी म्हशाला जावं लागेल.

पौषात म्हशाची जत्रा भरते. तिथला गुरांचा बाजार हे आमच्या दादाचं पंढरपूर. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आटगावजवळच्या आमच्या गावी शेती तोच बघतो. मी मुरबाडात सावलीला बसलेला, म्हणून त्याच्या लेखी मी अजून लहान. बैल घेताना त्याला बघावं. दात बघणार, खूर बघणार, भोवरे बघणार, शेपटीला हात लावून बैल दचकतो का बघणार. शिंगांना रंग आणि बेगड असलं तर नाक मुरडून म्हणणार, "कायतरी झाकलंय." आणि एवढं झाल्यावर विकणाऱ्याला सांगणार, "जोताला लाव नि चालव. हितं नाय, तिकडं ओलीत चालव." दिवसभर हे चालायचं. लहानपणी मी त्याचा डबा धरून मागं मागं फिरायचो. बहुतेक वेळा आम्ही बैल न घेताच परत यायचो, आणि दादा वाटेत समाधानानं म्हणायचा, "वाचलो."

तर या दादानं मागल्या वर्षी पोटच्या पोरीसाठी विद्यापीठ निवडलं ते तिथली कमान बघून. तीही फोनवरच्या फोटोत. "काय कमान हाये!" म्हणाला. बेगड त्याला दिसलं नाही.

पोरगी म्हणजे काजल. शहापूरच्या कॉलेजातून सोशिऑलॉजी घेऊन बीए झाली. वहिनीला शेजारणी विचारायच्या, काजल काय शिकते? वहिनी म्हणायची, "समाजाचं कायतरी हाये," आणि विषय कुरडयांकडं न्यायची. काजलला मात्र ते 'कायतरी' नेमकं माहीत होतं. आमच्याकडं राबाला, आवणीला म्हणजे पावसात भाताची रोपं लावायला, एकमेकांच्या शेतावर जायची रीत आहे. आज तुम्ही आमच्याकडं, उद्या आम्ही तुमच्याकडं. पैसा कुणी देत नाही, घेत नाही. जेवण ज्याचं शेत त्याचं. आता जवान पोरं हायवेच्या गोडाउनला लागली, घरात हात कमी उरले, तर या रीतीचं काय झालं? कोण कुणाकडं अजून जातं, कोण जायचं थांबलं? हे तिला शोधायचं होतं.

त्यासाठी ती दोन वर्षं सुट्टी मिळाली की माझ्याकडं मुरबाडला यायची आणि म्हशाच्या पलीकडच्या एका पाड्यावर जायची. तिथली हिराबाय माझी ओळखीची. दुकानात फोटो काढायला आली होती. मी म्हटलं, जरा हसा, ती म्हणाली, "हसायला काय झालंय?" आणि मग इतकी हसली की तीन वेळा फोटो हलला. नवरा गेलेला, एकुलता पोरगा गोडाउनला. काजल तिच्याबरोबर टहाळ तोडायची, शेण वाहायची, दुपारी तिच्याच घरात भाकरी खायची. कधी रात्रीही तिथंच राहायची. ही शेवटची गोष्ट फक्त मला माहीत होती. दादाच्या समजुतीप्रमाणं पोरगी माझ्या घरी पंख्याखाली झोपत होती.

मी तिला एकदा म्हटलं, "अगं, पाच-पन्नास प्रश्न लिहून ने, विचार, मोकळी हो. एवढं शेण कशाला वाहतेस?"

"काका, विचारलं की सगळ्या एकच सांगतात. 'आमच्यात सगळ्या सगळ्यांकडं जातात.' जसं काही शाळेत पाठ केलंय. पण शेतावर गेलं की दिसतं, अमकी आज आलीच नाही. कोण आलं नाही हे प्रश्नात सापडत नाही रे. तिथं असावं लागतं."

मी चष्मा पुसला. टक्के विचारून उपयोग नव्हता.

एमएला तिचं दोन ठिकाणी झालं. एक ते मुंबईतलं, कमानीचं. दुसरं घाटावर, एका लहान शहरातल्या विद्यापीठाचा छोटा विभाग, ज्याचं नाव सांगितल्यावर लोक "बरं बरं" म्हणून गप्प होतात. काजलनं दोन्हीकडच्या पोरांना फोन केले. म्हणजे तिच्या बापाची विद्या तिच्यात उतरली होती. ती बैल चालवून बघत होती. कमानीतली पोरं म्हणाली, इथं सर्व्हे शिकवतात, सॉफ्टवेअर शिकवतात, उत्तम शिकवतात, नोकऱ्याही लागतात. गावात राहायचं असेल तर ते ज्याचं त्यानं सुट्टीत. घाटावरची एक पोरगी म्हणाली, दुसऱ्या वर्षी सहा महिने एका गावात राहावं लागतं, मी कुंभारांच्या घरात राहिले, आणि आमचे सर दोनदा तिथं येऊन चाकाशेजारी बसून गेले. काजलनं फोन ठेवला आणि बराच वेळ हसत बसली.

तरी दादाच्या आग्रहाखातर आम्ही कमान बघायला गेलो. 'जाणकार' म्हणून मी बरोबर. इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिशाला दोन पेनं लावली.

विभागातल्या मॅडम वाईट नव्हत्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाईट असत्या तर राग तिथंच निवला असता. त्यांनी चहा मागवला, काजलचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सॅम्पल किती?"

"एक पाडा."

"म्हणजे किती घरं?"

"वीस-बावीस असतील."

मॅडम समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, "बाळा, हा अभ्यास नाही होत. ह्या आठवणी होतात." मग त्यांनी कौतुकानं आपला टॅब दाखवला. ग्रामीण भागातल्या कामाचा मोठा सर्व्हे त्या करणार होत्या. प्रश्न होता, शेतीतलं काम कोणत्या प्रकारचं? खाली चार चौकटी. मजुरी. स्वतःच्या शेतात. बिनमोबदला. इतर.

काजलनं विचारलं, "मॅडम, आमच्याकडं हिरामावशी आहे. ती दुसऱ्यांच्या राबावर जाते. पैसे घेत नाही. पण फुकटही जात नाही. तिला कुठं टाकायचं?"

"'इतर' आहे ना."

"आणि उद्या तिच्याकडं कुणी आलंच नाही, तर ते कुठं?"

मॅडम हसल्या. "सगळंच नसतं गं मोजता येत."

"म्हणूनच विचारते, मॅडम."

मी बशीत चहा ओतला होता, तो परत कपात ओतला. मग मॅडमच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "पण तू तिकडचीच आहेस की! तुझी भाषा तिकडची, बायका तुझ्याशी मोकळेपणानं बोलतील. आमच्या प्रोजेक्टला अशीच मुलगी हवी होती. तू फॉर्म भरून आण. पुढचं विश्लेषण आमची टीम इथं करेल."

म्हणजे पोरगी दोन वर्षं शेण वाहून स्वतःचा प्रश्न घेऊन गेली होती, आणि त्यांना तिच्यात दिसली ती त्यांच्या प्रश्नांची हमाल. विचार करायला ते, चालायला आम्ही. तिची बोली, तिचे पाय, तिची ओळख सगळं उपयोगाचं. डोकं तेवढं दाराबाहेर चपलांजवळ ठेवून यायचं. आणि फॉर्मच भरायचे तर आमच्या घरात फॉर्म भरणारा एक माणूस आधीच वाया गेलेला आहे, आणखी एक कशाला?

हे सगळं मी तिथं बोललो नाही. तिथं मी म्हणालो, "थँक्यू मॅडम, चहा छान होता." माझा राग नेहमी उशिरा निघतो. परतीच्या लोकलमध्ये तो टिटवाळ्याला चढला आणि आटगावला माझ्याबरोबर उतरला.

कुणी म्हणेल, आकड्यांवर एवढा दात का? मुळीच नाही. आमच्या शहापूर तालुक्यातली धरणं मुंबईला पाणी पाजतात आणि धरणांच्या काखेतल्या वाड्या-पाड्यांवरची माणसं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. किती वाड्या, किती बायका, किती लांब, हे मोजलंच पाहिजे. मोजून आकडा कुणाच्या तरी टेबलावर आपटला पाहिजे. तिथं एका हिराबायची गोष्ट सांगून भागणार नाही. ज्या पोराला ते मोजायचंय त्यानं खुशाल त्या कमानीखालून जावं. मी स्वतः फॉर्म भरून देईन, झेरॉक्स फुकट. पण ज्याला जे विचारायचंय त्यावर ठरतं ना, कसं विचारायचं ते? आणि कसं विचारायचं त्यावर ठरतं कुठं शिकायचं. भाताला खाचर लागतं, नाचणीला उताराचं वरकस लागतं. हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. मग विद्यापीठाच्या बाबतीत एकच मोजमाप कुठून आलं, की मोठं कुठलं?

घरी दादा ओट्यावर बसला होता. वहिनी अंगणात कुरडयांवरचे कावळे हाकत होती. दादा सगळं ऐकून खूश. "मंग झालंच की! सकाळी आटगावला गाडी, रातच्याला घरात. पास काढला की इषय संपला. आनि वर प्रोजेक्टचं काम. आजून काय पायजे?"

"दादा, तिला फॉर्म नाही भरायचे."

"तू भरतोसच की. तुझं काय वाईट झालं?"

वहिनी कावळ्यांकडं तोंड करून हसली. मला तेवढं पुरे झालं. "म्हशाला अख्खा दिवस बैल ओलीत चालवून बघतोस," मी ओरडलो, "आणि पोरीला कमान बघून दावणीला बांधतोस?"

दादाचा आवाज उलट खाली आला. "बैल नाय चालला तर पुढल्या म्हशाला इकता येतो रे. पोरीचं तसं नाय. सा म्हयने परक्या गावात. निजंल कुठं? कोन जेवू घालंल तिला? उद्या काय झालं तर तुझं झेरॉक्स येनार हाये का उपेगाला?"

याचं उत्तर हिराबायच्या घरातल्या गोधडीवर होतं, पण ते सांगितलं असतं तर पोरीचं मुरबाडही बंद झालं असतं. काजल दारात उभी होती. ती फक्त म्हणाली, "शुक्रवारपर्यंत सांगायचंय," आणि आत गेली. मला बापाची माया कळत होती आणि तरी चीड येत होती. अशा वेळी फार वाईट होतं. कुणाच्या अंगावर जावं कळत नाही. मी कावळ्यांच्या अंगावर गेलो.

त्या रात्री मी तिथंच राहिलो. दादाचा राब तेव्हा अर्धा पडला होता. मजूर मिळत नव्हते. टहाळ वाळून बांधावर गंजी होऊन पडलेला, शेणाचा ढीग तसाच. सकाळी आम्ही चहा घेत होतो, तर हायवेकडून एक जीप आली आणि तिच्यातून बायका उतरल्या. काजलच्या पाड्यावरच्या पाच-सहा जणी. हातात विळे, डोक्यावर चुंबळी. म्हशाच्या पलीकडून इथवर! पुढची म्हातारी अंगणात येऊन उभी राहिली.

"काजलीचं घर ह्येच का? राब कुठाय तुमचा?"

दादा उठला. "कशाला?"

"कशाला म्हंजे? पोरगी आमच्यात टहाळाला व्हती, शेनाला व्हती. ते फेडायला नको? आमच्याकडचं उरकलं, आता आलाव."

"आवं, ती शिकायला आल्ती. त्याचं काय फेडायचं?"

म्हातारीनं दादाला वरून खालपर्यंत पाहिलं. "शिकाया आल्ती म्हून हात नाय दुखले तिचं?"

दादा बाजूला झाला. आमच्याकडं फेडायला आलेल्या माणसाला परत पाठवणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. वहिनीनं कुरडया कावळ्यांच्या हवाली केल्या आणि आत डाळ भिजत घातली. बायका शेतात शिरल्या. काजल ओढणी कमरेला बांधून त्यांच्यात मिसळली, आणि मी बघत राहिलो. घरात तोंड बंद करून वावरणारी आमची पोरगी तिथं टोपली उचलता उचलता शिव्या खात होती, देत होती, हसत होती. "काजले, हात चालव गो, मास्तरीन व्हायच्या आदी म्हातारी व्हशील!" दादाही बघत होता. ओलीत चालणाऱ्या बैलाकडं बघावं तसं. पावलं कशी पडतात, कुठं अडखळतात.

दुपारी पंगत बसली. दादा वाढायला होता. आमटी वाढता वाढता सहज विचारल्यासारखं त्यानं विचारलं, "ही तुमच्यात येती, तवा जेवती कुठं?"

"हिराच्यात," म्हातारी म्हणाली. "निजती पन तिथंच. हिराची गोधडी हिच्या अंगावर, हिरा आपली चुलीपाशी."

दादानं माझ्याकडं पाहिलं. मी ताटातला भात फार लक्ष देऊन कालवू लागलो.

पण काजलचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. ती पंगतीवरून नजर फिरवत होती. "हिरामावशी नाय आली?"

कुणी पाणी प्यायलं, कुणी चटणी मागितली. मग एक जण म्हणाली, "तिचं नाय व्हत."

"का?"

"आगो, तिच्या घरात हात किती? आमी एकेका घरातून तिघी-चौघी जातो. तेवढ्या जनींचं ती एकटी कवा फेडनार? मागल्या साली आजारी पडली फेडता फेडता. मंग आता तिच्याकडं जात नाय कुनी. उगा बोजा कशाला तिच्यावर?"

"आणि तिचा राब?"

"बघंल ती. जमंल तेवढा भाजंल."

त्यात दुष्टावा नव्हता. दयाच होती. आणि त्या दयेनंच एक बाई हळूच रीतीबाहेर ठेवली गेली होती. टहाळाला ती यांच्यातच होती. तेव्हाही तिला कुणी बोलावलेलं नव्हतं, सवयीनं आली होती, आणि काजलला वाटलं होतं सगळं ठीक आहे. हिरानंही काजलला काही सांगितलं नव्हतं. बोलावत नाहीत हे सांगायचं कसं? 'आमच्यात सगळ्या सगळ्यांकडं जातात' या वाक्याच्या मागं काय आहे ते असं आमच्या अंगणात, आमटीच्या वासात, हातपाय राखेनं माखलेले असताना बाहेर पडलं. टॅब घेऊन आलेल्या कुणाला ते कधीच मिळालं नसतं. काजलच्या हातातला घास तसाच राहिला.

उन्हं कलल्यावर वारा पडला, आणि म्हातारीनं कडेनं विस्तव दिला. काळा पट्टा सावकाश शेतात सरकत गेला. बायका जीपमध्ये बसून गेल्या. दादा बांधावर उभा होता, हिरवी फांदी घेऊन, ज्वाळा उठली तर मारायला. काजल दुसऱ्या टोकाला. मी मधे, खोकत.

"हे लिवायचं हाये तुला?" दादानं विचारलं.

"हो."

"त्या कमानीत लिवून व्हईल?"

"तिथं ते 'इतर'मध्ये जाईल."

"नि घाटावर?"

"घाटावर विचारतील, हिरामावशीला बोलवायचं आधी कुणी थांबवलं? तिनं त्या दिवशी काय केलं? मला माहीत नाही म्हटलं, तर म्हणतील, परत जा."

दादानं फांदी एकदा जमिनीवर आपटली. तिथं ज्वाळा नव्हती. "मंग जा," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "फोन उचलत जा फक्त."

काजल घाटावर गेली. इथं खरं म्हणजे माझा राग संपायला हवा होता. बायको तसं म्हणालीही, झालं ना तुमच्या मनासारखं, आता कोकम पुरे. पण या वर्षी पुन्हा टहाळाचे दिवस आले, आणि हिराबाय दुकानात आली. पोरग्याच्या कसल्याशा कागदाची झेरॉक्स काढायची होती. सांगू लागली, पाड्यावर दोन पोरी आल्या होत्या, हातात पाटीएवढा फोन.

"मला इचारलं, काम करतेस का? म्हनलं, करते. पैसे घेतेस? म्हनलं, नाय. मंग म्हनते, फुकट करतेस? मी म्हनलं, फुकट तुझी आय!" हिराबाय खदाखदा हसली. "ती बिचारी रडकुंडीला आली रे. मंग मीच तिला च्या पाजला."

मी हसलो नाही. झेरॉक्सचं झाकण उघडंच राहिलं आणि हिरवा उजेड माझ्या तोंडावरून फिरून गेला. मला दिसत होतं, त्या पोरीनं चहा पिऊन झाल्यावर बोट कुठल्या चौकटीवर ठेवलं असेल. अहवाल येईल. छान जाड कागदावर येईल. त्यात हिराबाय असेल, आणि कुठंच नसेल. राग त्या पोरींवर नाही. त्यांना तसंच शिकवलं होतं. कदाचित त्यांनाही कुणी तरी कमान दाखवली होती, आणि कुठल्या तरी तालुक्याच्या ठिकाणी माझ्यासारख्या कुणी तरी चष्मा पुसून विचारलं होतं, टक्के किती?

परवा सकाळी मी शटर उघडतोय तोच दादा समोर. पोत्यात गुंडाळलेला कोयता काखेला.

"बंद कर," तो म्हणाला.

"अरे, आत्ताच उघडलंय. पोरं येतील फॉर्म भरायला."

"येतील नि थांबतील. चल. काजल पुढं गेलीय."

काजल सुट्टीला आली होती, हे मला माहीत होतं. दादा कुठं निघालाय हे मात्र पाड्याची चढण लागल्यावर कळलं. हिराबाय आपल्या तुकड्याच्या बांधावर उभी होती, काजल तिच्या मागं. आम्हाला बघून हिराबायच्या कपाळाला आठी.

"कोनी बोलावलं तुमाला?"

"कुनी नाय," दादा म्हणाला.

"मंग कशाला आलाव? माझ्याच्यानं नाय फिटायचं तुमचं."

"पोरीनं दोन वरसं तुझ्यात भाकर खाल्ली. ती फेडायला आलो."

"भाकरीचं फेडत नसतात," ती तडकून म्हणाली. "कामाचं फेडतात." आणि बांध अडवून तशीच उभी राहिली. दादाही उभा. मला वाटलं, आता परत जावं लागणार. काजलनं खाली बघून फांद्यांची मोळी आवळली.

मग हिराबाय म्हणाली, "आवनीला येईन तुमच्यात. एकटीच येईन. चालंल का?"

"ये," दादा म्हणाला.

ती बांधावरून बाजूला झाली. "मंग त्या ऐनावर चढ. वरच्या फांद्या ऱ्हायल्यात." मग तिचं लक्ष माझ्याकडं गेलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. "आनि ह्यो फोटोवाला? ह्याला काय येतं?"

दादानं क्षणभर विचार केला. "फॉर्म भरतो."

"मंग शेन वाहायला लावा."

टोपली डोक्यावर आली. शेण ताजं होतं, मानेवर ओघळत होतं. ढेकळांतून तोल सांभाळत मी निघालो. पैसे मिळणार नव्हते. शेत माझं नव्हतं. फुकट तर मुळीच नव्हतं, कारण आषाढात हिराबाय एकटी, दोन हातांनिशी, आमच्या चिखलात उतरणार होती. मॅडमच्या चार चौकटी मला आठवल्या, आणि कुठल्या चौकटीवर बोट पडणार तेही कळलं. मी टोपली तिनं सांगितलेल्या जागी ओतली आणि दुसरी भरायला परत फिरलो.